मोडलं नाही, फ्रॅक्चर आहे

आमच्या भागात हाड मोडणं आणि फ्रॅक्चर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेणला दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली, आणि आठवड्यातून दोन दिवस मी रोह्याला जाऊन पेशंट बघतो. दोन्हीकडे हाच समज. लचकलं म्हणजे काहीच नाही, तेल चोळलं की झालं. त्याच्या वरची पायरी चीर. चिरेच्या वर फ्रॅक्चर. त्याला प्लास्टर लागतं, पण माणूस कामाला जाऊ शकतो. आणि सगळ्यात शेवटी मोडणं. मोडलं म्हणजे मग घरात रडारड, गावाला निरोप, मुंबईहून भावाचे फोन. एक्स-रे बघून मी "फ्रॅक्चर आहे" म्हटलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. "मग मोडला नाय ना, डॉक्टर?"

मोडण्यालाच इंग्रजीत फ्रॅक्चर म्हणतात, हे मी पहिली काही वर्षं न कंटाळता सांगितलं. खडू मोडून दाखवायचो. एकदा रोह्यात कंपनीतल्या एका माणसाला मी असाच खडू मोडून पाच मिनिटं समजावलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं बरोबर असंल साहेब. पन माझा नुसता फ्रॅक्चर हाय ना? मग मी सेकंड शिफ्ट घेतो, तिकडं उचलायचं काम कमी असतं." त्यानंतर मी खडू आणणं बंद केलं.

खरं तर आम्हा डॉक्टरांची वर्गवारी तरी कुठे फार शहाणी आहे? मनगटाचं हाड किती प्रकारांनी मोडतं हे आम्ही पाठ केलं होतं. अक्षरं, आकडे, पोटप्रकार आणि त्यांचेही पोटप्रकार. परीक्षक फिल्म उजेडावर धरायचा आणि आम्ही पोपटासारखे बोलायचो. पुढे कळलं की एकच फिल्म दोन डॉक्टरांना दाखवली तर दोन आकडे येतात, आणि त्याच डॉक्टरला जेवण झाल्यावर परत दाखवली तर तिसरा येतो. आता मी फिल्म बघतो ती एवढ्यासाठीच, की भेग सांध्यात उतरलीय का, तुकडे किती झालेत, आणि आपण बसवलेलं हाड बसवल्या जागी राहील का. या शेवटच्याचं उत्तर फिल्ममध्ये नसतं. ते बरंचसं पेशंटच्या घरी ठरतं.

हे सगळं मला माहीत होतं, हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते माहिती कमी होती म्हणून झालं नाही.

पावसाळ्यात मनगटांची रांग लागते. शेवाळावरून पाय सरकतो आणि माणूस हात टेकतो. पोह्याचे पापड लाटणाऱ्या बाया, बांधावरून घसरलेले शेतकरी, बसमधून उतरताना पडलेल्या आज्या. त्या दिवशी मी सकाळी रोह्याला दोन ऑपरेशनं केली होती आणि हायवेवर गडबच्या अलीकडे-पलीकडे मिळून दीड तास अडकून दुपारी पेणला पोचलो होतो. रस्त्याचं काम चालू आहे. ते चालूच असतं. मला त्याचा आता रागही येत नाही, फक्त पाठ दुखते. दवाखान्यात शिरलो तर बाकं भरलेली आणि दाराशी लोक उभे.

ती जोह्याची होती, पेणजवळच्या गणपतींच्या गावची. पन्नाशी ओलांडलेली, ठसठशीत, डाव्या हातानं उजवा हात असा धरून बसलेली की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. सोबत तिचा दीर. गणपतीच्या कारखान्याच्या अंगणात पाय घसरला होता. कारखाना दिराचा, तो साच्यातून प्लास्टरच्या मूर्ती काढतो, आणि ही आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंगकाम दहा जण करतात, आखणी एखादाच. मूर्ती कितीही देखणी असो, आखणी होईपर्यंत तिला गिऱ्हाईक हात जोडत नाही. हे मला माझ्या कंपाउंडरनं सांगितलं. तो इथलाच, माझ्यापेक्षा वयानं मोठा, आणि दवाखान्यात माझ्यापेक्षा त्याचं जास्त चालतं.

एक्स-रे काढला. मनगटाच्या वर बोटभर अंतरावर हाड मोडून मागे सरकलं होतं. असा हात बाजूनं बघितला तर पुस्तकात त्याला जेवणाच्या काट्याची उपमा आहे. आमच्याकडे काट्यानं जेवतं कोण? मला तो पळीसारखा दिसतो. मी भुलीचं इंजेक्शन दिलं, कंपाउंडरनं कोपर धरलं, मी ओढून हाड जागेवर आणलं आणि प्लास्टर चढवलं. ती कण्हली नाही. प्लास्टर वाळत होतं तेव्हा डाव्या हाताच्या नखानं तिनं त्याच्यावर टकटक केलं आणि दिराकडे बघून म्हणाली, "माल जुना हाय यांचा. सेट व्हायला येल लावतंय." दीर हसला. मीही हसलो. प्लास्टरमधलं मला कळतं त्याहून त्यांना जास्त कळतं, यात काही वाद नव्हता.

परत फिल्म काढली. हाड ठीक बसलं होतं. पण मागच्या बाजूला हाडाचा चुरा झाला होता. घराच्या मागच्या भिंतीच्या विटाच ढासळल्या तर वरचं छप्पर किती दिवस राहील, तसलं ते बसणं होतं. सहा आठवडे हात हलता कामा नये, आणि आठवड्यानं पुन्हा फिल्म. मी तसं कागदावर लिहिलं.

तेव्हा तिनं विचारलं, "डॉक्टर, मोडला नाय ना?"

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. माझी पाठ भरून आली होती. गेली दोन-तीन वर्षं मी या प्रश्नाला खडूऐवजी एक सोपं उत्तर शोधलं होतं. त्यांचीच भाषा बोलायची. त्यानं माणूस निवांत होतो आणि पुढचा आत येतो. मी म्हणालो, "नाही हो मावशी. मोडलं नाही, फ्रॅक्चर आहे."

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून उठली.

आठव्या दिवशी ती आली नाही. कंपाउंडर एकदा म्हणाला, "जोह्याची बाय फिरकली नाय." मी बरं म्हटलं. दोन दिवसांनी दिराचा निरोप आला की मूर्तींच्या गाड्या निघाल्या की घेऊन येतो. मी पुन्हा बरं म्हटलं. फोन करून ओरडायला हवं होतं. पण त्या आठवड्यात रोह्याचा रस्ता पाण्याखाली होता, माझ्याकडे मांडी मोडलेले दोन पेशंट होते, आणि ओरडायलाही अंगात बळ लागतं.

ती आली ती चोविसाव्या दिवशी, पुन्हा दिराला घेऊन. खुर्चीत बसली आणि हात टेबलावर ठेवला. मी बघतच राहिलो. इतकं सुबक प्लास्टर मी आयुष्यात घातलेलं नाही. कोपराखालून बोटांपर्यंत एकसारखं, पांढरंशुभ्र, कडा गोल केलेल्या, वरून पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेलं. अंगठ्याजवळचं वळण तर असं की हात लावून बघावंसं वाटेल.

कंपाउंडर वाकून म्हणाला, "डॉक्टर, ह्यो आपला नाय."

दिरानं लपवलं नाही. उलट त्याला थोडा अभिमानच होता. "तुमचा प्लास्टर ढिला झालता," तो म्हणाला. "सूज उतरली ना, हात आत खुलखुल करायला लागला. मंग पान्यात भिजवून उतरवला. काम झाल्यावर मीच घातला परत. घट्ट हाय, बघा ठोकून."

सूज उतरल्यावर प्लास्टर ढिलं होतं, हे त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तर मी आठव्या दिवशी बोलावलं होतं. पण "काम झाल्यावर" हे दोन शब्द माझ्या कानात अडकले. "कसलं काम?" मी विचारलं.

"आखनी," ती म्हणाली.

मी कटर लावला. आमच्या प्लास्टरमध्ये जाळीची पट्टी असते. कटर तिच्यातून सरळ जातो. याच्यात तो घुरघुरला आणि थांबला. पात्याला काथ्या गुंडाळला होता. मूर्ती मजबूत व्हावी म्हणून मालात काथ्या घालतात, तसा त्यानं वहिनीच्या हातालाही घातला होता. आतून जुन्या धोतराचं फडकं. कंपाउंडरनं चिमट्यानं एकेक धागा ओढून काढला. तो हसू दाबत होता आणि मला हसू येत नव्हतं. प्लास्टर उघडलं तर आत पुन्हा तीच पळी होती.

फिल्ममध्ये उरलंसुरलं दिसलं. हाड मागे कलंडलं होतं, आखूडही झालं होतं, आणि त्या वाकड्या जागी जुळायला लागलं होतं. माझा तोल गेला. मी थकलेला असतो तेव्हा माझा आवाज चढत नाही, बारीक होतो, आणि कंपाउंडर म्हणतो की ते जास्त वाईट असतं. मी म्हणालो, "मावशी, मोडलेल्या हातानं कुणी काम करतं का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला खरोखर काही कळलं नव्हतं असं तिचा चेहरा सांगत होता. "तुमीच तर बोल्लाव, मोडला नाय," ती म्हणाली. "फ्रॅक्चर हाय. फ्रॅक्चरवाली मानसं कामाला जातान. गडबची माझी ननंद पन गेलती."

मी केसपेपर पुढे ओढला आणि लाल पेनानं लिहिलं: रुग्णाने स्वतःहून प्लास्टर काढले, सूचना देऊनही फेरतपासणीस आली नाही. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. कंपाउंडर माझ्या खांद्यावरून वाचत होता. वाचून झाल्यावर तो फक्त म्हणाला, "व्हय." आणि बाहेर जाऊन पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

मी तिला विचारलं, "दुखत नव्हतं का?"

"दुखतंय ना. पन डोला काडताना श्वास धरून ठेवायचा असतंय. तेवढा येल दुखनं पन थांबतंय." मग हात कसा धरायचा ते तिनं मला दाखवलं, त्या वाकड्या हातानंच. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकायची, कुंचला हलका धरायचा, आणि भुवईखालची रेघ एका दमात घ्यायची. बोटं हलवायची नाहीत. रेघ वळते ती मनगटातून. "बाकीचा गनपती हात रंगवतंय," ती म्हणाली. "डोला मनगट काडतंय."

मी तिच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. एक, आहे तसं जुळू द्यायचं. हात वाकडा दिसेल, थोडा दुखेल, पण भाकरी थापता येईल, बादली उचलता येईल. तिच्या वयाच्या बाईला अनेक डॉक्टर हेच सांगतात आणि ते चूकही नाही. दुसरी, ऑपरेशन. अर्धवट जुळलेलं हाड पुन्हा सुटं करायचं, सरळ करायचं, पट्टी आणि स्क्रू लावायचे. तिनं भाकरी-बादलीचं ऐकूनच घेतलं नाही. "कुठल्यानं डोला काडता येईल?" तिनं विचारलं. मी म्हणालो, ऑपरेशननं येण्याची शक्यता जास्त. खात्री नाही देत. त्या दिवसापासून मी शब्द तोलून बोलायला लागलो, पण ते उशिराचं शहाणपण होतं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला जाताना गडबला चहाला थांबलो. चहा येईपर्यंत डोक्यात एकच विचार. लाल पेनानं जे लिहिलं ते कुणीही वाचलं तर दोष तिचाच दिसेल. कोर्टातसुद्धा. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. मी अजाणता बोललो होतो असंही म्हणता येत नव्हतं, कारण तिच्या भाषेत फ्रॅक्चर म्हणजे जे, ते मला पक्कं माहीत होतं. तोच तर गुन्हा होता. परक्या गावचा नवा डॉक्टर असता तर तो अज्ञानानं सुटला असता. तिथूनच कंपाउंडरला फोन करून ऑपरेशनचा दिवस ठरवायला सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. अशी वाक्यं मी सहसा लिहीत नाही. पण हाड अगदी जसं हवं तसं बसलं, लांबी परत आली, आणि फिल्म बघून मला एखाद्या तरुण डॉक्टरसारखा आनंद झाला. पुढचे महिने व्यायामाचे. गरम पाण्यात हात, ओलं फडकं पिळणं, भिंतीला तळहात टेकून रेटा देणं, तळहात वर, तळहात खाली. ती दर पंधरवड्याला जोह्याहून बसनं यायची. कधी दीर असायचा, कधी नसायचा. कंपाउंडर तिला दारातूनच विचारायचा, "गो बाय, वलतंय का मनगट?" आणि ती हात फिरवून दाखवायची. या सगळ्या दिवसांत तिला ते एक वाक्य सांगायला मला कितीतरी वेळा जमलं असतं. मावशी, मी चुकलो. दर वेळी बाहेर कुणीतरी असायचं. बाहेर कुणीतरी असतंच. तो माझा धंदा आहे.

सहा महिने झाल्यावर ती शेवटच्या तपासणीला आली. वालाच्या शेंगांचे दिवस होते, दवाखान्यात तिनं दिलेल्या पिशवीचा हिरवा वास पसरला होता. मी कोनमापक लावून मनगट मोजलं. वर, खाली, आत, बाहेर. पकड मोजली. आमच्याकडे निकालाचीही वर्गवारी असते: उत्तम, चांगला, बरा, वाईट. मी केसपेपरवर "उत्तम" लिहिलं आणि तिला तसं सांगितलंही.

टेबलावर तिच्या एक्स-रेचं खाकी पाकीट होतं. तिनं ते उलटं केलं, माझ्या हातातला पेन मागून घेतला, करंगळी कागदावर टेकवली आणि श्वास धरला. एक डोळा काढला. मग दुसरा. मला तर ते डोळे सुंदरच वाटले. तसे मला जन्मात काढता आले नसते. मी तसं म्हणालोही.

"डोले हायेत," ती म्हणाली. "बघा नीट. ह्यो तुमच्याकडं बघतंय. आनि ह्यो दाराकडं."

मी बघितलं. एकदा दाखवल्यावर ते दिसायचं थांबेना.

"कच्च्या मूर्तीवर पन क्येलं," ती म्हणाली. "धा-बारा. दिराला वाटतंय चालंल. गिऱ्हाइकाला कलनार पन नाय. पन गनपतीसमोर मानूस बसतंय तवा दोनी डोल्यांनी त्याच्याकडंच बघाया पायजे. मी आता दागिन्यांचा रंग करते. ते जमतंय."

मी कंपाउंडरला खूण केली. त्यानं दार लोटून घेतलं आणि तो बाहेरच थांबला. मग मी ते वाक्य बोललो. सहा महिने तोंडात घोळवलं होतं, तरी सरळ आलं नाही. म्हणालो की मावशी, त्या दिवशी हाड मोडलंच होतं. फ्रॅक्चर म्हणजे मोडणंच. तुम्हाला काय वाटेल ते मला ठाऊक होतं आणि मी तरी तसं सांगितलं. गर्दी होती म्हणून. मी चुकलो.

तिनं पेनाला टोपण लावलं. "मना म्हाईत हुतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मोडलाय ते पडल्या पडल्याच कललं हुतं. आवाज आलता ना आतून. पन कारखान्यात सगल्या मूर्ती आंधल्या उभ्या. मना वाटत हुतं कुनी तरी म्हनावं, मोडला नाय." तिनं पदर सारखा केला. "तुमी व्हय, मोडलाय, असं बोल्ला असतात ना, तर मी घरी बसली असती."

रागानं नाही म्हणाली.